पायी जाणं, वाफेच्या गाडीनं येणं : पीजेच्या एका तुकड्याचा विचार

(पाचोरा-जामनेर भागातल्या पदभ्रमण मंडळांसमोरचं व्याख्यान, संपादित)

मंडळी, पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर, म्हटलं की आपल्याकडे कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. पाचोऱ्याहून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी अडीच फुटी गेजची, म्हणजे 762 मिलिमीटरची, 56 किलोमीटरची गाडी. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता या मार्गावर ब्रॉडगेज येणार आहे. ती यावीच, रोजच्या प्रवाशाला तिची गरज आहे. पण त्याच वेळी छोट्या गाडीचा एखादा तुकडा वाफेच्या इंजिनासह राखावा, अशी इच्छा अनेक जण बोलून दाखवतात. आज त्या इच्छेचा हिशेब मांडू.

सगळे 56 किलोमीटर मागू नका. शेंदुर्णी ते पहूर हे साधारण बारा किलोमीटरचं अंतर पुरेसं आहे. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं मंदिर आहे. पहूरला वाघूर नदी आहे, अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येणारी तीच वाघूर. सकाळी शेंदुर्णीहून पायी निघायचं, दुपारी पहूरहून गाडीनं परतायचं. ज्यांना चालणं झेपत नाही त्यांनी गाडीनंच पहूरला यायचं. म्हणजे जातानाही डबे रिकामे धावत नाहीत.

अशा सहलीचं वेळापत्रक उलटं, गाडीपासून मागे मोजत करायचं. परतीची गाडी दोनला धरा. जेवण, हातपाय धुणं, शिरगणती यांना दीड तास, म्हणजे साडेबाराला मंडळी पहूरला हवीत. एकटा माणूस डांबरी रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर सहज चालतो. चाळीस जणांचा गट गाडवाटेवर तीनच चालतो, कारण गटाचा वेग सर्वांत हळू माणसाचा असतो. बारा किलोमीटरला चार तास, दोन थांब्यांना मिळून आणखी एक तास. म्हणून निघायचं साडेसातला. वाट माहीत असलेला माणूस पुढे, दुसरा जाणता सर्वांत मागे, आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी. मागचा माणूस पोहोचला की पुढच्यांनी लगेच उठायचं, ही चूक फार होते. ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्यालाच ती मिळत नाही, आणि तिसऱ्या तासाला त्याच्या पायात गोळे येतात.

हंगाम नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात गट काढू नये. पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस थांबा, काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते आणि वेग निम्म्यावर येतो. बाभळीचा काटा पातळ रबरी तळ आरपार भेदतो, तेव्हा जाड तळाचे बूट आणि गटात एक चिमटा हवाच. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी. शिदोरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा, दुपारपर्यंत खराब होत नाही. कुणाच्या वावरातून जायचं तर आदल्या दिवशी विचारा, आणि त्या दिवशी कपाशीवर फवारणी आहे का तेही विचारा. रुळांवरून मात्र चालायचं नाही. बंद मार्गावरच्या पुलांवर स्लीपर कुजलेले असतात, आणि ती जागा रेल्वेची आहे.

आता इंजिन. चालणारे साडेसातला निघतात, त्याआधी तासभर, साडेसहाला, इंजिनात आग पेटलेली हवी. छोटं इंजिन थंड असेल तर वाफ धरायला तीन-चार तास घेतं. घाई केली की भट्टीच्या पत्र्याचा एक भाग लवकर तापतो, दुसरा थंड राहतो, ताण येतो आणि भट्टीचा गरम धूर बॉयलरच्या पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं गळू लागतात. दहाच्या सुमारास दाब, मग तपासणी, तेल, अकराला प्रस्थान. वेग ताशी पंधरा-वीस, म्हणजे बाराच्या आत पहूर.

फायरमनची नजर सगळ्यात जास्त पाण्याच्या काचेवर असते. ती उभी काचेची नळी बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवते. भट्टीच्या छतावर नेहमी पाणी हवं. भट्टीत हजार अंशांच्या वर आग, पण छतावर पाणी असेपर्यंत, 11 बार दाबाला, ते पाणी 190 अंशांच्या आसपास राहतं आणि पत्र्याची उष्णता ओढून घेतं. पाणी खाली गेलं की पत्रा तापत जातो. म्हणून त्या छतात शिशाची खीळ बसवलेली असते. शिसं 327 अंशांना वितळतं, खीळ सुटते, वाफ भट्टीत घुसते आणि धोक्याची वर्दी मिळते. अशा वेळी आग काढायची आणि इंजिन जागेवर ठेवायचं. तापलेल्या पत्र्यावर पाणी सोडणं म्हणजे स्फोटाला बोलावणं.

कोळशाच्या एका किलोला सहा-सात लिटर पाण्याची वाफ होते, असा सर्वसाधारण हिशेब. दिवसाला दोनशे किलो कोळसा जाळला तर बाराशे ते चौदाशे लिटर पाणी. टँकर भरपूर पुरेल, प्रश्न पाण्याच्या जातीचा आहे. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार नळ्यांवर थर धरतात, उष्णता पोहोचत नाही, कोळसा जास्त लागतो. क्षार फार झाले की बॉयलरमध्ये फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी सिलिंडरात शिरतं. पाणी दबत नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. उपाय दोन : मऊ केलेलं पाणी, आणि ठरावीक वेळाने बॉयलरच्या तळातून गढूळ पाणी सोडणं.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागाची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर सगळा उपक्रम बंद पडेल. चालण्याचा हंगाम तोच कापूस वेचणीचा. रुळालगत वाळलेल्या पऱ्हाट्या, वावरात कापसाचे ढीग. धुराड्यातून उडणारी एक ठिणगी पुरे. धुराड्याखालच्या धूरपेटीत ठिणगी अडवणारी जाळी हवी, राखेच्या तळपात्राची झाकणं घट्ट हवीत, दोन्ही बाजूंचं गवत आधी कापलेलं हवं, आणि गाडीमागून पाण्याची टाकी घेतलेली ट्रॉली फिरायला हवी. शेतकऱ्याच्या नुकसानीची लेखी हमी आधीच द्यावी.

इंजिन कुठून आणायचं? चौथऱ्यावर मांडलेली जुनी नॅरोगेज इंजिनं देशात आहेत, पण रंग पाहून फसू नये. पावसात उभ्या इंजिनाच्या धूरपेटीचा तळ आणि नळ्या आतून सडलेल्या असतात. आधी नळ्या काढून पत्र्याची जाडी मोजायची, मग पाण्याच्या दाबानं चाचणी, त्यानंतरच पैशाचं बोलायचं. वाफेची इंजिनं सांभाळायचं काम आपल्याकडे हरियाणातल्या रेवाडीला आणि निलगिरीच्या मार्गावर आजही चालतं, माणसं तिथे शिकायला पाठवता येतील. भुसावळच्या परिसरात वाफेच्या काळातले निवृत्त कर्मचारी आहेत, त्यांचे हात आत्ताच कामी घ्यावेत.

निवेदन देताना दोन गोष्टी ठळक लिहा. ब्रॉडगेज जुन्याच पट्ट्यातून गेली तर छोट्या गाडीला शेजारी स्वतंत्र जागा लागेल. आणि शेंदुर्णी व पहूर, दोन्ही टोकांना वळसा रूळ हवा, म्हणजे इंजिनाला सुटून डब्यांच्या बाजूनं दुसऱ्या टोकाला जाता येईल असा शेजारचा रूळ. तो नसेल तर इंजिन डब्यांच्या मागे अडकतं, पुढे जोडायला जागाच राहत नाही, आणि दोनची गाडी निघत नाही.