वाटीभर पाणी : एअर रायफलची टाकी भरताना

[दृश्य : स्टीलची वाटी. तिच्यावर धरलेली ड्रेनची बारीक नळी. मागे कॉम्प्रेसरचा आवाज.]

कॉम्प्रेसरमध्ये साठलेलं पाणी काढायची तोटी म्हणजे ड्रेन. त्याची चावी पाव फेरा सोडली की आधी फुत्कार येतो आणि मग नळीतून पातळ ताकासारखं पांढुरकं पाणी वाटीत उडतं. कॉम्प्रेसरच्या तेलाचे बारीक कण त्यात घुसळले गेलेत, म्हणून हा रंग. दहा मिनिटांपूर्वी हे पाणी याच खोलीच्या हवेत होतं आणि कुणाला दिसत नव्हतं. ते इथे, वाटीत, निघालं नसतं तर पुढे टाकीत गेलं असतं, टाकीतून रायफलच्या सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये.

[दृश्य : दहा मीटरची रेंज. नेमबाज सिलिंडर फिरवून रायफलला बसवतो आहे.]

ऑलिंपिकमधली दहा मीटरची एअर रायफल आज बहुतेक सगळीकडे अशा दाबलेल्या हवेवर चालते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 साली कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं, ते याच प्रकारात. रायफलच्या नळीखाली एक काढता-घालता येणारा सिलिंडर असतो. त्यात जास्तीत जास्त 200 बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतात आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारला थांबतो. त्याच्याकडून ही हवा भरून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

सिलिंडरमधला दाब प्रत्येक शॉटला थोडा उतरतो, पण छऱ्याचा वेग उतरून चालत नाही. ते सांभाळतो आतला रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये 200 असो की 100, पुढच्या कप्प्यात तो ठरलेल्या दाबाचीच हवा सोडतो. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, साडेचार मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जाईपर्यंत तो सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतो. हा वेग दोन टक्के जरी घटला, तरी छर्रा आणखी पाऊण मिलिमीटर खाली लागतो. निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. हिशेब करा : तीन दशांश गुण गेले, आणि तेही नेमबाजाची काही चूक नसताना. रेग्युलेटरच्या बैठकीवर गंजाचा एक कण अडकला तरी वेगात एवढा फरक पडू शकतो. ताकाच्या रंगाचं ते पाणी वाटीतच निघायला हवं, ते यासाठी.

[दृश्य : कॉम्प्रेसर उघडा. एकापुढे एक लहान होत जाणारे सिलिंडर.]

रायफलचे सिलिंडर ज्या मोठ्या टाकीतून भरतात, ती 300 बारपर्यंत भरायची असते. एका दमात एवढी हवा दाबता येत नाही, कारण दाबली की ती तापते. दोन टप्प्यांत 300 गाठायचे तर प्रत्येक टप्प्यात हवा सतरा पट दाबावी लागते. दाबताना उष्णता बाहेर गेलीच नाही तर कागदावरच्या हिशेबाने प्रत्येक टप्प्यात ती 400 अंशांच्या आसपास जाते. तीन टप्पे केले तर प्रत्येक टप्पा पावणेसात पटीचा आणि तापमान अडीचशेच्या आसपास. चार टप्प्यांत सव्वाचार पटीचा, आणि मग 180. प्रत्यक्षात धातू, पंखा किंवा पाणी बरीच उष्णता ओढून नेतात, पण यंत्राची किंमत आणि आयुष्य का वाढतं ते या आकड्यांत दिसतं. दर टप्प्यानंतर हवा तांब्याच्या किंवा स्टीलच्या वेटोळ्यातून थंड होते. थंड झाली की पाणी सोडते. ते गोळा होतं सेपरेटरमध्ये, आणि सेपरेटरच्या तळाला असतो ड्रेन.

बाजारात दोन जातींची यंत्रं दिसतात. एक डायव्हिंगवाल्यांकडची, तीन-चार टप्प्यांची, मिनिटाला शंभर लिटर हवा ओढणारी. 6.8 लिटरची टाकी ती वीसेक मिनिटांत भरते. दुसरी चिनी बनावटीची, दोन टप्प्यांची, पाण्यावर थंड होणारी. पाण्याचा पंप बादलीत बुडवायचा आणि घरच्या विजेवर चालवायचं. तीच टाकी भरायला हिला तासभर किंवा जास्त लागतो. खरं तर ती अर्ध्या लिटरच्या सिलिंडरसाठी बनलेली आहे. तिच्याकडून क्लबची मोठी टाकी रोज भरून घेणं म्हणजे लुनावर उसाच्या मोळ्या वाहण्यासारखं.

[दृश्य : खिडकीबाहेर पाऊस.]

आता पाण्याचा हिशेब. जुलैत कोल्हापुरात हवा 25 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत जवळपास वीस ग्रॅम वाफ असते. मुंबईत 29 अंशांना आणि 85 टक्क्यांना चोवीस. 6.8 लिटरची रिकामी टाकी 300 बारला भरायला पावणेदोन-दोन घनमीटर हवा लागते. म्हणजे कोल्हापूरच्या पावसात तिच्याबरोबर पस्तीस ते चाळीस ग्रॅम पाणी यंत्रात शिरतं, मुंबईत त्याहून जास्त. एवढ्या दाबाखाली टाकीत वाफेच्या रूपात ग्रॅमभरही टिकू शकत नाही. बाकीचं पाणी होऊन बसतं. आपल्याला फक्त ते कुठे बसावं हे ठरवायचं असतं.

सेपरेटर मोठा वाटा काढतो, उरलेलं काम फिल्टरचं. फिल्टरच्या नळकांड्यात आधी मॉलिक्युलर सीव्हचे दाणे, ते पाणी धरतात. मग ॲक्टिव्हेटेड कार्बन, तो तेलाची वाफ धरतो. हा क्रम उलटा करू नये. ओला कार्बन तेल नीट धरत नाही. पुढे एक व्हॉल्व्ह असतो, तो फिल्टरमध्ये ठरावीक दाब साठेपर्यंत हवा पुढे जाऊ देत नाही. अनेक जण त्याला बिनकामाचा अडथळा समजून काढून टाकतात. काढू नये. दाब असला तर हवा दाट आणि संथ होते, दाण्यांतून निवांत जाते आणि पाणी तिथेच सोडते. व्हॉल्व्ह नसला तर रिकाम्या टाकीकडे हवा धावत सुटते आणि दाण्यांना तिच्या पाण्याला हातच लावता येत नाही.

फिल्टर किती तास टिकतो, याचं उत्तर यंत्राच्या पुस्तकात असतं, पण ते वीस अंशांच्या हवेचं. दर दहा अंशांमागे हवेची वाफ धरायची ताकद पावणेदोन पट होते. फिल्टरमध्ये शिरणारी हवा चाळीस अंशांची असेल, तर पुस्तकातले तास तिसऱ्या हिश्शावर आणा. चिनी यंत्रांत कापसाची नळी मिळते. ती पाण्याचे थेंब आणि तेल अडवते, वाफ नाही. कापूस पिवळा झाला की बदलायचा, तपकिरी झाला तर आधी यंत्राच्या पिस्टनच्या रिंगा तपासायच्या.

[दृश्य : हात, तेलाची काच, बादली, गेज.]

सुरू करताना. तेल काचेच्या मध्यावर हवं. जास्त झालं तर फेसाळतं आणि रिंगांवरून वर चढतं. तेल कॉम्प्रेसरचं, यंत्राच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल चालत नाही, त्यातली भर घातलेली द्रव्यं तापून व्हॉल्व्हवर काजळी धरतात. यंत्र सपाट जमिनीवर, हवेची नळी जनरेटरच्या धुरापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर. बादलीत निदान पंधरा लिटर पाणी. आधी पंप चालू, परतीच्या नळीतून पाणी पडताना डोळ्यांनी पाहायचं, मग मोटर. नुसता पंपाचा आवाज ऐकून समाधान मानणाऱ्यांचे हेड जळतात.

मोटर सुरू करताना ड्रेन उघडे हवेत. दाबाखाली चालू केली तर सिंगल फेज मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि कपॅसिटर जातो. पावणेदोन किलोवॉटची मोटर चालताना आठ-दहा अँपिअर ओढते, उठताना त्याच्या कित्येक पट. म्हणून 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र वायर, आणि एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

मोटर लयीत आली की ड्रेन हाताने बंद करायचे, पान्याने नाही. चावीच्या टोकाची बैठक मऊ असते, एकदा चेपली की कायम गळते. गेज चढू लागतं. छोट्या यंत्रात दर पाच मिनिटांनी दोन्ही ड्रेन दोन सेकंद सोडायचे, पावसाळ्यात दर तीन. तापमान सत्तर अंशांना गेलं की थांबायचं, पाणी बदलायचं किंवा बर्फाची बाटली सोडायची. पाच-दहा मिनिटांची विश्रांती यंत्राला दिली तर वर्षानं रिंगांचा खर्च वाचतो.

टाकीचा व्हॉल्व्ह यंत्राच्या नळीतला दाब टाकीइतका झाल्यावर उघडायचा. आधी उघडला तर टाकी नळीत उलटी वाहते. 300 ला गेज पोहोचलं की टाकी बंद, ड्रेन सोडून नळी रिकामी, मग मोटर बंद. पाणी आणखी पाच मिनिटं चालू द्यायचं. नळी उकलताना हाताला घट्ट वाटली तर तिथे दाब शिल्लक आहे. पाना घेऊ नका. पुन्हा ड्रेन सोडा.

300 बार म्हणजे किती? वीस मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे जवळपास रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलावर साडेनऊशे किलोंचा रेटा. म्हणून सेफ्टी डिस्क, म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेला की मुद्दाम फुटणारी चकती, फुटली की तिच्याच जाडीची, तीच डिस्क घालायची. दोन डिस्क एकावर एक ठेवून "आता फुटत नाही" म्हणणारा मेकॅनिक हुशार नाही. डिस्क फुटली नाही तर दुसरंच काही फुटतं.

[दृश्य : टाकीच्या व्हॉल्व्हवर ॲडॉप्टर, त्यात रायफलचा सिलिंडर.]

आता टाकीतून सिलिंडरमध्ये. इथे कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही, आणि म्हणूनच गाफीलपणा जास्त. टाकीत 300, सिलिंडरची मर्यादा 200. मध्ये काही अडवायला नसेल तर दोन्हीकडे सारखं होईपर्यंत हवा वाहते. 200 ला थांबवणारा ॲडॉप्टर घ्यावा, नसेल तर गेजवरून नजर हलवू नये.

आधी सिलिंडरवर छापलेली तारीख पाहायची. बहुतेक कंपन्या बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात, आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी नेमबाजावर आहे. मुदत संपलेला सिलिंडर नवा दिसतो. तरी भरायचा नाही.

व्हॉल्व्ह हळू उघडायचा, इतका हळू की गेजचा काटा सरकताना दिसावा. झपकन भरला तर सिलिंडर पन्नास अंशांना जातो, गेज 200 दाखवतं, आणि तीस अंशांना निवल्यावर 188 उरतात. नेमबाज म्हणतो, सिलिंडर गळतो. तो गळत नसतो, निवलेला असतो. दोन मिनिटं थांबून पुन्हा वर नेला की झालं. मग टाकी बंद, ॲडॉप्टरची हवा सोडायची, आणि सिलिंडर हाताने उकलायचा. सिलिंडर कधी पूर्ण रिकामा करून ठेवू नये. वीस-तीस बार राहू द्यावेत, म्हणजे बाहेरची दमट हवा आत येत नाही. टाकीलाही हेच लागू.

दोन टाक्या असतील तर आधी कमी दाबाची उघडा, जाईल तितकं जाऊ द्या, उरलेलं दुसऱ्या टाकीतून. 6.8 लिटरच्या टाकीतून 80 वरचा पाव लिटरचा सिलिंडर 200 ला नेला, की टाकीचे साधारण साडेचार बार जातात. 300 ची टाकी 200 पर्यंत उतरेपर्यंत असे वीसेक सिलिंडर पूर्ण भरतात. त्याखाली एकटी टाकी 200 देऊ शकत नाही, पण सरावाचे 150 मजेत देते. ही साधी गोष्ट पाळली तर कॉम्प्रेसर कमी चालवावा लागतो.

[दृश्य : वेल्डिंगच्या दुकानातले काळे ऑक्सिजन सिलिंडर, दुरून.]

एक गोष्ट स्पष्ट. गॅसच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. ओ-रिंगवर, म्हणजे जोडातल्या रबरी कड्यावर, तेलाचा माग जरी असला, तरी दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तो पेटतो. हवा भरतानाही ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच, आणि तेही पुसल्यासारखं. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा शिलाई मशीनचं तेल दाबाच्या धक्क्याने डिझेल इंजिनात व्हावं तसं भडकू शकतं. आणि उलट बाजूनं, या यंत्राची हवा श्वासासाठी नाही. डायव्हिंगच्या टाक्या त्यासाठीच्या फिल्टरवरच भराव्यात.

कायदाही ध्यानात ठेवावा. 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांत 500 मिलिलिटरहून मोठा सिलिंडर मोडतो, म्हणजे क्लबची टाकी त्यात आली. मंजुरीचं काम पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. परदेशातून मागवलेल्या टाकीला त्यांची मंजुरी आहे का, हे विकत घेण्याआधी विचारावं. जलदाब चाचणीची तारीख टाकीवर असते. ती उलटलेली टाकी भरून देणारा माणूस उपकार करत नाही.

[दृश्य : यंत्र पुन्हा, या वेळी भागभाग सुटे.]

यंत्र 150 ला अडकून चढेनासं झालं, तर आधी ड्रेन पाहा, बहुतेक वेळा तेच गळतात. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा सांगतो. ड्रेन ठीक, आणि तेलाच्या कप्प्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या श्वासनळीतून हवेचे झोत येत असतील, तर वरच्या टप्प्याच्या पिस्टनच्या रिंगा गेल्या. मधल्या टप्प्याचं गेज नेहमीपेक्षा वर चढतंय, शेवटचं मात्र हलत नाही, तर वरच्या टप्प्याचा आत घेणारा व्हॉल्व्ह काजळीनं अडलाय. तो काढून, स्वच्छ करून, त्याच जागी, त्याच बाजूने बसवायचा. उलटा बसला तर यंत्र फिरत राहतं आणि काहीच करत नाही.

[दृश्य : दिवसाचं शेवटचं भरणं. मोटर थांबते. ड्रेन उघडे.]

शेवटच्या भरण्यानंतर दोन्ही ड्रेन उघडेच सोडायचे. रात्रभर थेंब पडत राहतात. मग भिंतीवरच्या वहीत आजची तारीख, चाललेली मिनिटं, तेल बदलायला उरलेले तास. फिल्टर बदलल्याचा दिवस लाल पेनने. आणि वाटी धुऊन पुन्हा नळीखाली.