दोन किल्ल्यांचं कुलूप

(नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मेंदूतील ग्लुटामेट ग्राही : रचना आणि कार्य'. यातला 'ग्राही' सचिवांचा, मी फोनवर 'रिसेप्टर' म्हटलं होतं. मघाशी पायरीवर एका गृहस्थांनी मला विचारलं, "ग्राहकांचा कार्यक्रम तो हाच का?" मी हो म्हटलं. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. उठू नका साहेब, तुमच्याही कामाचं निघेल. माझी आजची मुख्य तक्रार एका बँकेबद्दलच आहे.

आधी ग्लुटामेट. आज सकाळी ज्यांनी मिसळ हाणली त्यांनी ते खाल्लंय, टोमॅटोतून. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून चव आणणारं हे रसायन वेगळं काढलं. त्याचंच पुढे अजिनोमोटो झालं. पिकलेल्या टोमॅटोत हे मोकळं ग्लुटामेट भरपूर असतं. म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटच्या क्रेट ग्लुटामेट बाहेर पडतं म्हणा ना! आता पुढचा प्रश्न मला पाठ आहे. नातू बारावीला आहे, त्याला टोमॅटो द्यावेत का? द्या, पण कोशिंबीर म्हणून. रक्तातलं ग्लुटामेट मेंदूत सहजी शिरत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो, बाहेरचं घेत नाही. सोवळं आहे त्याचं.

मेंदूतली एक पेशी दुसरीला 'ऊठ, पेट' असा निरोप देते तो बहुतेक वेळा या ग्लुटामेटच्याच हाती. १९५०च्या दशकात जपानमध्येच ताकाशी हायाशी यांनी ते कुत्र्याच्या मेंदूत सोडलं, तर कुत्र्याला झटके आले. तरी पुष्कळांना पटेना. प्रत्येक पेशीत पोत्यानं सापडणारी ही वस्तू निरोप्या कशी असेल? उद्या कुणी सांगितलं की तार घेऊन घरातलं मीठच येतं, तर तुम्ही तरी मानाल का?

आता माझं दुखणं. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी फळ्यावर एक कुलूप नि एक किल्ली काढली. रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या आवरणावरचं निरोप घेणारं प्रथिन, ते कुलूप, रसायन किल्ली. किल्ली बसली, कुलूप उघडलं, मुलांनी उतरवून घेतलं. हे चित्र किती अपुरं आहे ते मला निवृत्तीनंतर बँकेत कळलं.

पुतणीचं लग्न होतं. हिच्या पाटल्या, तोडे आणि नथ लॉकरमध्ये. मी किल्ली घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आज नाही होणार. बँकेची किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब रजेवर आहेत." मी म्हटलं, अहो, माझी किल्ली आहे ना! त्यावर ती इतक्या शांतपणे म्हणाली, "तुमची किल्ली एकटी काय करणार, काका?" मंडळी, इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो, पण एवढं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी त्यांची किल्ली फिरवली, मी माझी. खट्ट आवाज झाला. दार हलेना! चार वर्षांत उघडलं नव्हतं, चौकटीतच रुतून बसलं होतं. बाहेर ही रिक्षात बसलेली, मीटर चालू, माझ्या खिशात फोन वाजतोय. साहेब म्हणाले, अर्ज करा, कंपनीचा माणूस बोलवू, खर्च तुमचा. मी म्हटलं, दार तुमचं, चौकट तुमची, खर्च माझा कसा? (तिसऱ्या रांगेतले साहेब मान डोलावताहेत. थँक्यू.) अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी शिपाईमामा आले. ते काही बोललेच नाहीत. शेजारच्या लॉकरच्या दारावर त्यांनी दोन गुद्दे घातले आणि माझं दार आपसूक सुटलं. बाहेर आलो तर हिनं विचारलं, "मिळालं का?" मी म्हटलं, "अगं, एनएमडीए मिळाला!" पुढचे दोन तास ती माझ्याशी बोलली नाही. आणि तोडे मी आतच विसरलो होतो. ते असो.

हा एनएमडीए म्हणजे ग्लुटामेटच्या रिसेप्टरांमधला सगळ्यात मानी प्रकार. त्याला नुसतं ग्लुटामेट चालत नाही, सोबत ग्लायसीन नावाचं दुसरं रसायन लागतं. ही बँकेची किल्ली. ती बहुधा आसपास असतेच, पण नसली की काम अडतं. हे कळलं १९८७ साली. आणि दोन्ही किल्ल्या फिरल्या तरी दार रुतलेलंच, कारण रिसेप्टरच्या मधून आत जाणाऱ्या मार्गात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ते दाखवलं १९८४ साली, दोन वेगवेगळ्या गटांनी. हे बूच कोण काढतं? शेजारी. शेजारचे एएमपीए नावाचे रिसेप्टर ग्लुटामेट मिळताच उघडतात, सोडियम आत घेतात, पेशीच्या आतला विद्युतभार बदलतो आणि त्या धक्क्यानं बूच बाहेर उडतं. इथे माझी उपमा जरा लंगडते, कारण धक्का आतून बसतो आणि आमचे शिपाईमामा बाहेर होते.

म्हणजे बघा, समोरच्या पेशीनं निरोप दिलेला हवा आणि त्याच क्षणी ही पेशी स्वतःही पेटलेली हवी. दोन्ही जुळलं तरच एनएमडीए उघडतो. तो नुसता निरोप घेत नाही, योग जुळल्याची नोंद घेतो. आज मला खरं म्हणजे एवढंच सांगायचं

चिठ्ठी आली. "सात मिनिटे." सचिव, तुमची रचना राहिली की हो. बरं, भरभर.

एएमपीए, एनएमडीए आणि कायनेट नावाचा त्यांचा तिसरा भाऊ, तिघांचीही बांधणी सारखी. चार तुकडे एकत्र येऊन मध्ये एक भोक ठेवतात. प्रत्येक तुकड्याचा मोठा भाग पेशीबाहेर असतो. त्यात शिंपल्यासारखी दोन पाकळ्यांची जागा, ग्लुटामेट आत आलं की शिंपला मिटतो आणि त्या ओढीनं खालचं दार उघडतं. पेशीच्या पातळ आवरणातून धागा तीनदा आरपार जातो आणि एक वेटोळं आतूनच अर्ध्यावर येऊन परत फिरतं. भोकाचं अस्तर तेच. एएमपीएची अशी अख्खी रचना स्फटिक करून २००९ साली दिसली. एनएमडीएत साधारणपणे दोन तुकडे ग्लायसीन धरणारे, दोन ग्लुटामेट धरणारे.

कार्य. एनएमडीए उघडला की कॅल्शियम आत येतं, त्याच्या सांगण्यावरून दोन पेशींमधल्या त्या जोडावर जास्तीचे एएमपीए बसवले जातात आणि पुढचा निरोप मोठ्यानं ऐकू येतो. जोड असा पक्का होतो हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ साली सशाच्या मेंदूत दाखवलं होतं. १९८६ साली रिचर्ड मॉरिस यांच्या गटानं उंदरांचे एनएमडीए औषधानं बंद केले, तर पाण्याखाली लपवलेला ओटा कुठे आहे हे त्यांना धड शिकता येईना. भुलीचं केटामाइन याच भोकात जाऊन बसतं. अल्झायमरमध्ये देतात ते मेमँटीनही तिथेच.

आणि अति झालं तर? आपल्या विदर्भातली लाखोळी डाळ. दुष्काळात महिनोन्महिने तीच खाऊन माणसांचे पाय कायमचे ताठ झालेत. तिच्यातलं विष १९६४ साली आपल्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळं केलं गेलं. ते ग्लुटामेटचा वेश घेऊन एएमपीएला उघडायला लावतं, पेशी पेटतच राहते आणि मरते. पक्षाघातातही ग्लुटामेट असंच सांडतं. यावर तासभर बोलायचं होतं.

मेटाबोट्रॉपिक नावाचे ग्लुटामेट रिसेप्टर राहिले. आठ आहेत, दार नसलेले, आत नुसता निरोप पोचवणारे. सचिव उभे राहिलेत, म्हणजे मी बसतो. साहेब, तेवढा अर्जाचा नमुना मात्र द्या मला.