नागपूर ते हेमकुंड : एका दिवसाच्या चढाईचं उलटं गणित

नमस्कार मंडळी. सुरुवात शेवेच्या एका पाकिटापासून करू. आपल्या गल्लीतल्या दुकानातून घेतलेलं, हवाबंद, बोटानं दाबलं की सहज आत जाणारं पाकीट. हेच पाकीट सॅकमधून उत्तराखंडातल्या घांघरियाला, म्हणजे हेमकुंडाच्या वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामाला, पोचतं तेव्हा उशीसारखं टम्म फुगलेलं असतं. हेमकुंड या शिखांच्या तीर्थतलावाच्या काठावर ते इतकं ताणलेलं असतं की नखानं टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. त्यात बाहेरून काही शिरलेलं नसतं. आतली हवा नागपूरची आहे आणि बाहेरची हवा विरळ झाली आहे, एवढंच घडलेलं असतं. आता तुमचं शरीरही नागपुरातच भरलेलं आहे. आजचं सगळं बोलणं त्याबद्दल आहे.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. घांघरिया ३,०४९ मीटरवर. हेमकुंड तलावाची उंची कुठे ४,३२९ तर कुठे ४,६३२ मीटर अशी छापलेली दिसते. आपण गणितासाठी चढ १,२०० मीटर आणि चाल जाताना ६ किलोमीटर, येताना ६ किलोमीटर धरू. तलावाच्या उंचीवर हवेचा दाब नागपूरच्या साधारण ६० टक्के असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढाच कमी. मे महिन्याच्या ४५ अंशांत कामं उरकणारा नागपूरकर काटक असतो, यात शंका नाही. पण उन्हाची सवय ही विरळ हवेची सवय नव्हे. तब्येतीनं दणकट, पंचविशीतला मुलगा डोकं धरून बसतो आणि त्याची आई सावकाश वर पोचते, हे तिथे अगदी नेहमीचं दृश्य आहे. मुलगा जोरात चढतो, म्हणून तो आधी अडकतो.

हेमकुंडाची निवड मी मुद्दाम केली. उंचावरचा तलाव आणि त्याच दिवशी परत, हे इथे सक्तीचंच आहे, कारण वर मुक्काम करू देत नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली उतरायला सांगतात. शिवाय वाट बांधीव आहे, चुकण्याची भीती नाही. त्यामुळे सगळं लक्ष दोनच गोष्टींवर देता येतं : शरीर आणि घड्याळ.

आधी शरीर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर नेऊ नये, असा डॉक्टरांचा नियम आहे. आपल्या वाटेवर खरी उडी कुठे आहे ते बघा. हरिद्वारहून जोशीमठ, म्हणजे सुमारे १,८९० मीटर. तिथून गोविंदघाट, मग जीपनं पुलना, आणि पुलन्याहून ९-१० किलोमीटर चालत घांघरिया. एका दिवसात झोपण्याची उंची अकराशे-बाराशे मीटरनं वाढली. दुसऱ्याच पहाटे हेमकुंडाला निघायचं म्हणजे शरीराला काही कळायच्या आत आणखी १,२०० मीटर वर न्यायचं. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं हे उंचीवर गेल्यागेल्या होत नाही; सहा ते बारा तासांनी होतं. म्हणून घांघरियाला संध्याकाळी छान वाटतंय यावरून काहीही ठरवता येत नाही.

उपाय सोपा आहे आणि सुंदरही. घांघरियात तीन रात्री ठेवा. मधल्या दिवशी व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये, म्हणजे फुलांच्या दरीत, जा. तिथे तुम्ही साडेतीन हजार मीटरच्या आसपास फिरता आणि झोपायला पुन्हा तीन हजारावर येता. वर चालायचं, खाली झोपायचं. शरीर असंच शिकतं. तिसऱ्या दिवशी हेमकुंड. बरेच गट हा क्रम उलटा करतात, आधी हेमकुंड आणि मग दरी, कारण ‘अवघड आधी उरकून टाकू’. हा क्रम चुकीचा आहे. कोणी कितीही आग्रह केला तरी बदलू नका.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्सची गोळी घेतात; डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा. गोळीनं बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त लागतं. दोन्ही अपेक्षित आहे, घाबरू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आजकाल प्रत्येकाच्या सॅकमध्ये असतो. घांघरियात तो ९० दाखवतो आणि घरी फोन जातात. त्या उंचीला ९०च्या आसपासचा आकडा नेहमीचा आहे. गार बोटावर तर यंत्र हमखास चुकतं. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवर त्याला टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, पाय बाजूला पडला, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला हटत नसेल, तर फुफ्फुसात पाणी भरत असल्याची. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी खाली, आणि सोबत कोणीतरी.

आता घड्याळ. हे गणित उलटं मांडायचं. बहुतेक जण ‘किती वाजता निघू’ इथून सुरू करतात. तुम्ही ‘किती वाजता परत’ इथून करा. अंधार सातच्या सुमारास. पण कोणी आजारी पडलं तर घांघरियात थांबून भागत नाही, आणखी खाली पुलन्यापर्यंत न्यावं लागतं. त्याला तीन-चार तास लागतात, आणि दुपारच्या ढगांत हेलिकॉप्टरचा भरवसा नसतो. म्हणजे चार वाजता खोलीवर असायलाच हवं. उतरायला तीन तास. म्हणून एक वाजता तलाव सोडायचा. वर पाऊण तास. म्हणून सव्वाबाराला पोचायचं. चढायला किती? सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, हा जुना हिशेब. ६ किलोमीटरला सव्वा तास, १,२०० मीटरला दोन तास, एकूण सव्वातीन. विरळ हवेसाठी त्याची दीडपट : पाच तास. म्हणजे सातला निघालं तरी कागदावर जमतं. मी साडेपाच सांगतो. हातातला दीड तास पाऊस, घोड्यांची गर्दी आणि बिघडलेलं पोट यांच्यासाठी आहे.

पाच तासांत १,२०० मीटर म्हणजे तासाला २४० मीटर. फोनमधलं उंची दाखवणारं अ‍ॅप नेटवर्क नसतानाही चालतं. दर तासाला बघा. अ‍ॅपचा आकडा पाट्यांशी जुळणार नाही. तो जुळवू नका, निघताना कितीवर होतो त्यातला फरक तेवढा मोजा. नऊ वाजता अर्धा चढ, म्हणजे ६०० मीटर, झाला नसेल तर गटातल्या सगळ्यांनी तिथे थांबून बोलायचं. आणि दुपारी बारापर्यंत तलावाशी पोचला नसाल तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं, तलाव दिसत असला तरी. ही वेळ आदल्या रात्री, जेवताना, सगळ्यांसमोर ठरवा. वर गेल्यावर ती कोणाला ठरवता येत नाही, कारण ठरवणारं डोकंही ऑक्सिजनवरच चालतं.

वेग कसा ठेवायचा? एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. शेवटच्या भागात पायऱ्यांची एक जवळची वाट आहे आणि वळणावळणाची लांब वाट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वळणाचीच घ्यावी. पायऱ्यांवर पावलाची उंची तुमच्या हातात राहत नाही, वळणावर राहते.

तयारी नागपुरातच करायची, आठ आठवडे आधीपासून. आपल्याकडे डोंगर नाहीत, हे रडगाणं नको. मजल्याची उंची साधारण ३ मीटर. दहा मजली इमारतीची एक फेरी म्हणजे ३० मीटर. वीस फेऱ्या झाल्या की ६०० मीटर, म्हणजे अर्ध हेमकुंड. पाच फेऱ्यांपासून सुरू करा, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घ्या, उन्हाळा असेल तर पहाटे सहाच्या आत आटपा. आणि खाली लिफ्टनं येऊ नका. चढताना दम लागतो, पण मांड्या आणि गुडघे मोडतात ते उतरताना. उतरण्याचा सराव वेगळा असतो आणि तो कोणी करत नाही. रविवारी रामटेकच्या पायऱ्या, आणि एकदा तरी पचमढीला चौरागड. एवढं मात्र लक्षात असू द्या की यातून पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. पचमढीचं धूपगड १,३५२ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. महाराष्ट्रात त्याहून उंच जागाच नाही. ती सवय फक्त घांघरियातच होते.

बूट. कपाटात चार-पाच वर्षं पडलेले चांगले बूट काढून नेऊ नका. तळव्याच्या मधला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेतल्या पाण्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होऊन आतून भुसभुशीत होतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि दगडी वाटेवर तिसऱ्या तासाला अख्खा तळवा सुटून लोंबायला लागतो. अंगठ्यानं तळव्याची बाजू दाबून बघा. भेगा पडल्या किंवा चुरा निघाला तर टाकून द्या. नवे घेणार असाल तर संध्याकाळी, जाड मोजे घालून, अर्धा नंबर मोठे घ्या आणि निघण्याआधी साठ-सत्तर किलोमीटर वापरा. नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापा. उतरताना बोट पुढे आदळतं आणि लांब नख काळं पडतं. वाट दगडी आहे, वर घोड्यांची लीद आणि पाऊस. एक काठी हवीच.

कपड्यांत आपली चूक ठरलेली : सुती. उन्हाळ्यात सुती कापड आपल्याला वाचवतं, कारण ते घाम धरून ठेवतं आणि गारवा देतं. वर हाच गुण उलटतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वर वारा सुरू झाला की ओला बनियन अंगातली ऊब ओढून घेतो. आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट, वर फ्लीसचं ऊबदार जाकीट, त्यावर रेनकोट, आणि सॅकच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा टी-शर्ट, जो फक्त तलावाशी बदलायचा. आपल्याकडे मुली उन्हात चेहऱ्याला दुपट्टा बांधतात, तो मात्र जरूर न्या, मुलांनीही. उंचीबरोबर अतिनील किरणं दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी वाढतात, बर्फ असेल तर खालूनही येतात. गॉगल विसरू नका.

खाण्याचं बघू. उंचीवर भूक मरते, म्हणून ‘पौष्टिक’ नको, जे तोंडात टाकलं की खावंसं वाटतं ते घ्या. शेंगदाण्याची चिक्की १०० ग्रॅममध्ये ५०० कॅलरींच्या आसपास देते. माणशी २०० ग्रॅम, बरोबर फुटाणे, खारीक, थोडी संत्रा बर्फी. दर पाऊण तासाला दोन घास, भूक असो वा नसो. पाणी तीन लिटर, त्यात एका लिटरमध्ये ओआरएस. वर गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळतो, तो आनंदानं घ्या. पण त्या भरवशावर रिकाम्या सॅकनं जाऊ नका.

तलावात डुबकी घेण्याबद्दल. श्रद्धेनं घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनच सांगतो. पाणी गोठण्याच्या जरा वर असतं. घामेजलं शरीर त्यात एकदम गेलं की छाती आवळते, आपोआप मोठा श्वास ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. आधी वीस मिनिटं बसा, श्वास शांत होऊ द्या. मग साखळी धरून पाय, कंबर, छाती या क्रमानं; एका मिनिटात बाहेर. टॉवेल आणि कोरडे कपडे काठावर उघडून ठेवलेले हवेत, सॅकच्या तळाशी नव्हे. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर ओंजळभर पाणी डोक्याला लावा.

कधी जायचं? मे अखेरीस दारं उघडतात, तेव्हा मुलांना सुट्ट्या असतात, पण वाटेवर आणि तलावावर बर्फ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळं फुललेली असतात आणि दरडी कोसळून जोशीमठचा रस्ता कधीही बंद होतो. फक्त तलावासाठी जाणाऱ्याला मी सप्टेंबरचा उत्तरार्ध सुचवतो. आकाश स्वच्छ, गर्दी कमी, थंडी जास्त. यात्रेची ऑनलाइन नोंदणी निघण्याआधी करून तिचा कागद जवळ ठेवा.

आणि परतीचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून आपण दोन महिने आधी तारीख पक्की करतो आणि तिला चिकटतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखतंय, बाहेर पाऊस आहे, पण ‘परवा दिल्लीहून गाडी आहे, आजच जावं लागेल’. डोंगरात लोक अडकतात ते अशा वाक्यामुळे. दिल्लीहून नागपूरचं तिकीट काढताना मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडा.

शेवटी एक प्रश्न आला आहे : गुडघे दुखणाऱ्या आईला घोड्यावरून न्यावं का? न्यावं, पण घोड्यावर श्रम होत नाहीत म्हणजे उंची लागत नाही असं नाही. घोडा त्यांना तीनेक तासांत वर नेतो, चालणाऱ्यापेक्षा लवकर. म्हणून घांघरियातला मधला दिवस त्यांना जास्त गरजेचा आहे. बसून राहिल्यानं अंगात ऊब तयार होत नाही, तेव्हा फ्लीस आणि हातमोजे खालूनच घालायचे. घोडेवाल्याशी निघतानाच ठरवा की तुमच्यापैकी एक जण सोबत चालेल आणि घोडा त्याच्या वेगानं जाईल. उतरताना दगड निसरडे असतात, तेव्हा अवघड उतारावर त्यांना उतरवून हात धरून चालवा. बारा वाजता फिरायचा नियम त्यांनाही तोच.