नकाशावर किती सेंटिमीटर, पायाखाली किती किलोमीटर

नमस्कार श्रोतेहो! पावसाळी ट्रेकचा सीझन सुरू झालाय, आणि मोबाईल असताना कागदी नकाशा कशाला असं बरेच जण म्हणतात, पण घाटात रेंज गेली की ऑनलाइन मॅप लोडच होत नाही, तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे डोंगर, वाटा, गावं दाखवणारा छापील नकाशा, जवळ असावी असं मला मनापासून वाटतं.

तिच्यावर 1:50,000 असं छापलेलं असतं. म्हणजे नकाशावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवर 50,000 सेंटिमीटर, म्हणजेच अर्धा किलोमीटर. त्यामुळे सोपं आहे, जितके सेंटिमीटर भरतील त्याचं निम्मं करायचं. पण पायवाट काही पट्टीसारखी सरळ नसते ना, मग न ताणणारा बारीक दोरा घ्यायचा, गावापासून वळणावळणाने वाटेवर ठेवत खिंडीपर्यंत न्यायचा, चिमटीत धरायचा आणि मग सरळ करून पट्टीवर मोजायचा. 7.4 सेंटिमीटर भरला तर 3.7 किलोमीटर. तोच दोरा 1:2,50,000 च्या नकाशावर तेवढाच भरला तर मात्र साडेअठरा किलोमीटर, म्हणून आधी प्रमाण बघा, मग दोरा काढा.

आता झेरॉक्सचं. नकाशा दीडपट मोठा करून आणला तरी त्यावर 1:50,000 तसंच छापलेलं राहतं आणि ते आता चुकीचं असतं! 6 सेंटिमीटरला तुम्ही 3 किलोमीटर धरणार, खरं अंतर 2 किलोमीटर. अशा वेळी शाळेत शिकलेलं रेषाप्रमाण कामाला येतं, नकाशाच्या खाली किलोमीटरच्या खुणांची जी पट्टी असते ना, ती नकाशाबरोबरच मोठी-लहान होते, त्यामुळे दोरा थेट तिच्यावरच लावायचा. मोबाईलमधली पीडीएफ झूम केली तरी हेच.

आणि चढाचं काय? नकाशा मोजतो आडवं अंतर. समजा वाट 2 किलोमीटर आहे आणि त्यात 800 मीटर चढायचंय, म्हणजे उंचीच्या दर 20 मीटरला एक अशा 40 समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, ओलांडायच्या. एकसारखा चढ धरला तर पायांखालची लांबी होते साधारण 2 किलोमीटर 150 मीटर, म्हणजे फार वाढत नाही, पण वेळ बघा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशोब दिला, तो साधारण असा की 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या वाटेला चालायची 24 मिनिटं आणि चढायची 80, म्हणजे जवळपास पावणेदोन तास! हेही न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचं झालं, ग्रुपमध्ये लहान मुलं असली किंवा वाट शेवाळलेली असली तर अजून अर्धा-पाऊण तास वर धरूनच निघायची वेळ ठरवा.