ढगांच्या खालून: थंड समुद्राचं तापमान

नमस्कार श्रोतेहो.

समुद्राचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. त्यातल्या मिठामुळे ते साधारण उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत पाणीच राहतं. उष्ण समुद्राचं तापमान मोजताना अर्ध्या अंशाची चूक एक वेळ चालून जाईल. थंड समुद्रात मात्र त्या अर्ध्या अंशात पाणी आहे की बर्फ, याचाच निकाल लागतो. हे तापमान उडत्या विमानातून कसं मोजतात, ते आज सांगणार आहे.

गरज निर्माण झाली ती उत्तर अटलांटिकमध्ये. १९१२ साली ‘टायटॅनिक’ हिमनगाला धडकून बुडाली आणि त्यानंतर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या ग्रँड बँक्स या समुद्रभागात हिमनगांवर पहारा ठेवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. उत्तरेकडून येणारा लॅब्राडॉरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह तिथे समोरासमोर येतात. या पहाऱ्यावरचं ‘टॅम्पा’ जहाज एकदा दोन्ही पाण्यांच्या सीमेवर आडवं उभं होतं, तेव्हा पुढच्या टोकाला सुमारे १ अंश आणि मागच्या टोकाला सुमारे १३ अंश तापमान भरलं होतं! हिमनग किती दिवस टिकेल हे बरंचसं तो यातल्या कुठल्या पाण्यात शिरतो यावर ठरतं. पण ही सीमा सतत सरकत असते. जहाजाने तिचा माग काढावा, तोवर ती दुसरीकडे गेलेली असते. विमान मात्र काही तासांत शेकडो किलोमीटर समुद्र पाहून येतं. गल्फ स्ट्रीमची अशी हवाई पाहणी कॅमेरा आणि विकिरण-तापमापक घेऊन अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि १९५३ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

या तापमापकाला पाण्याला हात लावावा लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकते, समुद्रही टाकतो. त्यातले ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण हवेतून बऱ्यापैकी सुखरूप वर येतात. विमानाच्या पोटाला एक भोक ठेवतात आणि त्यातून उपकरण सरळ खाली पाहतं. भोकाला साधी काच लावून भागत नाही, कारण ती हे किरण अडवते. ३०० मीटर उंचीवरून दोन अंशांच्या कोनात पाहिलं, तर सुमारे १० मीटर रुंदीचा पाण्याचा तुकडा दिसतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी एका अंशाने गार झालं, तर या किरणांत दोन टक्क्यांहूनही कमी फरक पडतो. शिवाय उपकरण स्वतःही किरण टाकतच असतं, आणि उघड्या भोकातून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याने ते उड्डाणभर गार होत जातं. म्हणून त्याच्यासमोर एक फिरती चकती असते. ती क्षणात समुद्र दाखवते, क्षणात आतली ज्ञात तापमानाची काळी वस्तू, आणि मोजला जातो तो दोघांतला फरक. उड्डाणाआधी आणि उतरल्यावर पुन्हा पडताळा घेतात: बर्फ-पाण्याच्या भांड्यात काळा रंग दिलेला शंकू बुडवायचा, पाणी ढवळत राहायचं, आणि उपकरण त्या शंकूत डोकावून शून्य दाखवतं का ते पाहायचं. हे ढवळण्याचं काम कंटाळवाणं असतं, पण पुढच्या प्रत्येक आकड्याची भिस्त त्याच्यावरच असते.

आता आकाशाचं पाहू. समुद्र हा अवरक्त किरणांसाठी जवळजवळ काळा असतो, पण पूर्ण काळा नसतो. एक-दीड टक्का भाग तो आरशासारखा परावर्तित करतो. वर निरभ्र आकाश असेल तर ते अवरक्तात अतिशय थंड दिसतं. त्यामुळे समुद्र खऱ्यापेक्षा सुमारे अर्धा अंश गार भासतो, आणि दुसरं उपकरण आकाशाकडे रोखून ही चूक काढावी लागते. वर खालच्या थराचे दाट ढग असतील तर त्यांचं तापमान समुद्राच्या जवळपासच असतं आणि ही चूक जवळजवळ उरतच नाही. ज्या करड्या दिवशी उपग्रहाच्या अवरक्त डोळ्याला फक्त ढगांचे माथे दिसतात, त्याच दिवशी ढगांखालून उडणाऱ्या विमानाला समुद्र सर्वांत चोख वाचता येतो. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मधल्या हवेचा परिणाम काढायला एकाच जागेवरून वेगवेगळ्या उंचीवर फेऱ्या मारतात आणि आलेखावरून शून्य उंचीचा आकडा काढतात. थंड हवेत बाष्प कमी, त्यामुळे इथे ही दुरुस्ती लहान असते. पण गोठवणारी हवा उघड्या पाण्यावर आली, की समुद्रावरून वाफाळ धुकं उठतं. मग उपकरण पाण्याऐवजी धुकंच मोजू लागतं.

एवढं करून जे हाती येतं, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पातळ थराचं तापमान. वारा आणि बाष्पीभवन यांमुळे हा थर खालच्या पाण्यापेक्षा बहुधा एक-दोन दशांश अंशांनी गार असतो. म्हणून विमानातून शोधकनळ्याही टाकतात. पॅराशूटने उतरलेली नळी पाण्यावर तरंगते, तिच्यातून सुटलेला संवेदक बुडत जातो आणि खोलीनुसार तापमान रेडिओवरून विमानात येतं. वरच्या थराचा आकडा आणि खालच्या पाण्याचा आकडा वेगळे आले, म्हणून त्यातला एक खोटा ठरवू नये. दोन्ही खरे आहेत, फक्त कुठला आकडा कशाचा हे नोंदवहीत स्पष्ट लिहिलेलं हवं.

अलास्कातल्या कोडियाकहून अमेरिकी तटरक्षक दलाच्या सी-१३० विमानांतून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट समुद्रावर अशी उपकरणं टाकली आहेत. ढगांपलीकडून पाहू शकणारे सूक्ष्मलहरींचे उपग्रह आहेत, पण त्यांचा एकेक ठिपका अनेक किलोमीटरांचा असतो, आणि बर्फाच्या कडेजवळ त्यात पाणी आणि बर्फ मिसळून जातात. नेमकी तिथेच मोजणी हवी असते. उन्हाळ्यात उघड्या पाण्याने किती उष्णता साठवली हे कळलं, तर शरद ऋतूत ती हवेत गेल्याशिवाय बर्फ धरणार नाही, हे आधीच सांगता येतं.

नमस्कार.