केळ्याची साल आणि पेशीचे पटल

मित्रहो, अर्धापूरच्या केळ्यांची फणी घरी आणून कुणी काळजीपोटी ती फ्रीजमध्ये ठेवली, की दोन-तीन दिवसांत साल काळीठिक्कर पडते, आणि आतला गर मात्र बराचसा चांगला असतो, हा अनुभव या सभागृहातील बहुतेकांना असेल. थंडीने पदार्थ टिकतो असे आपण धरून चालतो. मग ती केळ्यालाच का बाधते? याचे उत्तर शोधायला गेलो, की आपण पेशीपटलापाशी, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणापाशी, येऊन पोहोचतो.

वनस्पतिशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर दोन समांतर रेघा ओढून ‘हे पेशीपटल’ असे सांगत आलो. आकृती चूक नव्हती, पण तिच्यामुळे मुलांच्या मनात पिशवीसारखे घट्ट, स्थिर आवरण ठसले, आणि तो दोष माझाच. प्रत्यक्षात हे पटल तेलासारखे वाहते असते. त्याची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर. वहीच्या एका पानाची जाडी भरून काढायची तर अशी १२-१३ हजार पटले एकावर एक रचावी लागतील.

त्याचे मुख्य द्रव्य म्हणजे फॉस्फोलिपिडचे रेणू. या रेणूचे डोके पाण्यात रमते आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. असे रेणू पाण्यात सोडले, की ते आपोआप दोन थरांत लागतात: डोकी दोन्हीकडून पाण्याच्या बाजूला, शेपट्या आत एकमेकींकडे. त्यांना कुणी शिवत नाही की चिकटवत नाही. पाणी शेपट्यांना थारा देत नाही, मुख्यतः एवढ्याच आधारावर ही रचना उभी आहे. १९२५ साली लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद अ‍ॅसिटोनने काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा पसरला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापली, आणि त्यावरून थर दोन असल्याचे त्यांनी ताडले. गंमत अशी, की अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमीच मोजले होते. दोन चुका एकमेकींत जिरल्या आणि निष्कर्ष बरोबर आला!

आता थंडीकडे वळू. परभणीत डिसेंबरातल्या पहाटे डब्यातले तूप थिजलेले असते, शेजारचे करडईचे तेल मात्र पातळच राहते. तुपातील मेदाम्लांत सरळ शेपट्या पुष्कळ, म्हणून त्या एकमेकींना बिलगून घट्ट बसतात; करडईच्या तेलात वाकड्या शेपट्यांचे लिनोलेइक आम्ल फार मोठ्या प्रमाणात असते आणि वाकड्या शेपट्या नीट रचल्या जात नाहीत. पटलातील मेदालाही हाच न्याय लागू पडतो. थंडी सोसणाऱ्या अनेक वनस्पती गारठा वाढू लागला, की पटलात वाकड्या शेपट्यांचे प्रमाण वाढवतात. केळ हे उष्ण प्रदेशाचे फळ. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या सालीतील पटले ताठरतात आणि गळू लागतात. पेशीच्या आतील कप्प्यांनाही अशीच पटले असतात, त्यामुळे एका कप्प्यातील फिनॉल नावाची द्रव्ये आणि दुसऱ्या कप्प्यातील विकर (एन्झाइम) यांची गाठ पडते, ऑक्सिजनच्या साथीने काळे रंगद्रव्य तयार होते आणि साल काळवंडते.

पटलातील प्रथिनेही जागची हलतात. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून दोघांच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केल्या. आधी अर्धी पेशी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची दिसली. ३७ अंशांवर सुमारे ४० मिनिटांत रंग मिसळून गेले, थंडीत मात्र मिसळले नाहीत. दोनच वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाची ‘प्रवाही मोझेक’ (वाहत्या मेदात विखुरलेली प्रथिने) ही प्रतिकृती मांडली, ती या धर्तीच्या पुराव्यांवरच.

मेदाचा मधला थर साखरेला आणि क्षारांच्या आयनांना सहजी वाट देत नाही. ती ये-जा प्रथिनांच्या दारांतून होते. त्यांतले एकच दार आज जवळून पाहू, कारण ते आपल्या घरात जीव वाचवते. लहान आतड्याच्या पेशींवर असे एक प्रथिन आहे, जे मिठातले सोडियम आणि ग्लुकोज दोघेही हजर असतील तरच त्यांना जोडीने आत घेते, आणि त्यांच्यामागून पाणी येते. तांदळाच्या धुवणासारखी पातळ हगवण लावणाऱ्या कॉलऱ्याचे विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर सोडायला लावते, पण या दाराला धक्का लावत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजले आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले.

जलसंजीवनीच्या आजच्या प्रमाणित पाकिटात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. चव बरी लागावी म्हणून कुणी त्यात मूठभर साखर टाकते, कुणी त्याऐवजी बाटलीतले गोड पेय पाजते. आतड्यातले द्रावण असे दाट झाले, की परासरणाने पाणी उलट शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. पाकीट एक लिटरचे असेल, तर पाणी मोजून एक लिटरच घ्यावे.