दम, भूक आणि हळदीच्या गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरची माणसं आधी दोन गोष्टी विचारतात. स्टेज कितवी आणि खर्च किती. रास्तच आहे. पण पेशंटची झोप उडवतं ते वेगळंच काहीतरी. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, आडवं पडलं की खोकला उसळतो, ताटावरून मन उडतं. केमोथेरपी, रेडिएशन, नव्या गोळ्या या रोगावर काम करतात. या त्रासांकडे बघणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे नाव काढलं की नातेवाईक दचकतात, "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?" असं विचारतात.

तसं नाही. २०१० साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. जेनिफर टेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेले १५१ पेशंट त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार दिले, बाकीच्यांना तेच उपचार आणि जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. जोड मिळालेल्यांचं मन कमी खचलं, दिवस बरे गेले. ते जगलेही जास्त, साधारण ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. शेवटच्या टप्प्यात जड उपचारांचा मारा कमी होऊनसुद्धा! म्हणून मिरजेला, कोल्हापूरला किंवा मुंबईला दाखवायला जाल तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा, दुखण्याचं आणि दम लागण्याचं कोण बघणार?

दम लागण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्यानं सगळं घर घाबरतं. माणूस धापा टाकायला लागला की सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करतात. आधी ते मोडा. खिडकी उघडा. पेशंटला आडवं करू नका; खुर्चीत बसवा, पुढ्यात टेबल आणि त्यावर उशी ठेवा, कोपर टेकवून पुढे झुकू द्या. श्वास नाकानं घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर घालतो तशी सावकाश फुंकर घालत सोडायचा. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. आणि एक छोटा, हातात धरायचा बॅटरीचा पंखा आणा. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून वारा नाक आणि गालांवर घ्यायचा. तिथल्या नसांना गार वारा लागला की धाप लागल्याची जाणीव कमी होते. हा घरगुती तोडगा नव्हे, याचा रीतसर अभ्यास झालेला आहे.

लोक घाईनं ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणतात. रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर ते हवंच. पण तो ठीक असताना नळीतून ऑक्सिजन दिला काय आणि साधी हवा दिली काय, आराम सारखाच पडतो, हेही तपासून झालेलं आहे. डॉक्टर कधी मॉर्फिनची थोडी मात्रा लिहून देतात, वेदनेसाठी आणि काही वेळा दमासाठीही. "सवय लागेल" या भीतीनं ती पुडी कपाटात ठेवू नका. ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलं तर व्यसनाची धास्ती बाळगायचं कारण नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून पोट साफ करायचं औषध सोबत मागून घ्या. दम एकाएकी वाढला, तोंडावाटे रक्त आलं किंवा चेहरा सुजला तर पंख्यावर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

आता हळद. सांगलीत बसून हळदीबद्दल जपून बोलावं लागतं, २०१८ साली आपल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं! भाजीआमटीतली हळद खुशाल खा. प्रश्न आहे कुरकुमीनच्या, म्हणजे हळदीतून काढलेल्या घटकाच्या गोळ्यांचा. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कुरकुमीनचा परिणाम दिसतो, पण त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. ते आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून अनेक गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. तोच अर्क इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतो. शिवाय या पेशंटना बरेचदा रक्त पातळ करायची औषधं चालू असतात, त्यात ही भर नको.

कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. केमोचा भार आधीच यकृतावर असतो. आणि जीवनसत्त्वं तरी निरुपद्रवी असतील असं वाटतं ना? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं त्या घटकाच्या गोळ्या देऊन पाहिल्या; निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. भेटायला आलेले पाहुणे एकेक पुडी सुचवून जातात, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पुढच्या तपासणीला त्या सगळ्या पुड्या, बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. लपवू नका. आणि रागावणारा डॉक्टर असेल तरीही ठेवा.

सोबतीला घेण्यासारखंही पुष्कळ आहे. ध्यानानं काळजी आणि उदासी कमी होते, हलक्या योगासनांचाही उपयोग होतो. मात्र दम लागत असताना कपालभाती, भस्त्रिका नको. देवघरातला धूप आणि चुलीचा धूर पेशंटच्या खोलीपासून लांब.

साखर, दूध, अंडी बंद करून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र झिजतो. ताट भरून वाढण्यापेक्षा दोन-दोन तासांनी थोडं द्या. दह्यात दाण्याचं कूट, उकडलेलं अंडं, मऊ खिचडीवर तूप, जे जाईल ते. तोंड आलं असेल तर कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या.

बिडी, सिगारेट, मिश्री आता सोडून काय उपयोग, असं म्हणणारे भेटतात. उपयोग आहे. एर्लोटिनिबसारखी या कॅन्सरवरची गोळी धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात कमी प्रमाणात टिकते. म्हणजे महागाचं औषध घ्यायचं आणि बिडीनं ते निम्मं वाया घालवायचं.

केमो चालू असताना घरात थर्मामीटर हवा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोनं पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि अशा वेळी जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. जाताना केमोची फाइल सोबत घ्या आणि दारातच सांगा, शेवटचा डोस कधी झाला ते.